दोरा तुटला तर तुटू दे: रॉकी फोर्डच्या काठावरचे दोन दिवस

एप्रिलमध्ये मी या ब्लॉगवर एक फोटो टाकला होता. नेहमीच्या वाचकांना आठवत असेल. माझ्या दोन्ही हातांत जवळजवळ दोन फुटी रेनबो ट्राउट आहे, मी बत्तीशी दाखवत हसतेय आणि खाली ओळ आहे, 'फोटो काढला आणि सुखरूप परत पाण्यात सोडला.' तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलंत. एकीने तर लिहिलं होतं की शाकाहारी माणसाने मासेमारी करावी तर अशी.

त्यातलं 'सोडला' खरं आहे. 'सुखरूप' खोटं. गेल्या शनिवार-रविवारी मी पुन्हा त्याच जागी का गेले, हे सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

मी मूळची नागपूरची. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. अमेरिकेत बॉथेलला नोकरीला लागल्यावर लॅबमधल्या एका सहकाऱ्याने ऑफिसच्या सहलीत माझ्या हातात फ्लाय फिशिंगचा रॉड दिला आणि मी बिघडले. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, तो पाण्यावर अलगद टाकायचा, मासा फसला की जवळ आणायचा आणि सोडून द्यायचा. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "मारत नाहीस ना?" मी म्हटलं, नाही गं, सोडून देते. "मग ठीक आहे," ती म्हणाली, पण आवाज काही ठीक नव्हता. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आपल्या हातून एक जरी मासा मेला तरी हा नाद सोडायचा.

एप्रिलमध्ये तो मेला. रॉकी फोर्डचं पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, त्यामुळे मासे भलतेच संशयी. तिथे दोरीच्या टोकाला केसाएवढा बारीक दोरा लावावा लागतो, त्याला टिपेट म्हणतात. अशा दोऱ्यावर मोठा मासा लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. दोरा तुटेल या भीतीने मी त्याला इतकं हळुवार खेळवलं की वीस मिनिटं गेली. तो अगदी थकून काठाला आला. मी उचलला, फोटो काढून घेतला, पाण्यात ठेवला, आणि तो कुशीवर झाला, मग पोट वर करून हळूहळू वाहत गेला. फोटो काढून देणारा म्हातारा अमेरिकन माणूस एवढंच म्हणाला, "फाइट वॉज टू लाँग, मॅम." आणि आपली दोरी गुंडाळून निघून गेला. तिथल्या नियमाप्रमाणे मेलेला मासाही घरी नेता येत नाही, सगळं पाण्यातच सोडायचं. म्हणजे तो कुणाच्या पोटातही गेला नाही.

घरी आल्यावर मी फोटोखाली ती ओळ लिहिली. शिरीषला, माझ्या नवऱ्यालाही तेच सांगितलं. आईला दादाने ब्लॉग वाचून दाखवला. कानाला खडा लावायचं सोडून मी सहा महिने खोटं सांभाळत बसले. शेवटी ऑक्टोबरमध्ये ठरवलं की एकदाच जायचं. मोठा मासा लागला आणि माझ्या डोळ्यांदेखत पोहत गेला, तर रॉड ठेवायचा. नाहीतर विकून टाकायचा.

शिरीषच्या ऑफिसात त्या वीकेंडला सॉफ्टवेअरचा रिलीज होता, त्याला सुट्टी नव्हती. सोबत आले सावंतकाका. आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या संदीपचे वडील, अडुसष्ट वर्षांचे, मालवणचे. लहानपण खाडीत गेलेलं, नंतर मुंबईत बँकेत नोकरी. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते आणि तिसऱ्या आठवड्यापासून बाल्कनीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजत होते. मी मासे पकडायला चाललेय हे कळल्यावर त्यांनी स्वतःच पिशवी भरली. संदीपने त्यांना चारदा बजावलं, "बाबा, तुमच्याकडे लायसन्स नाही. रॉडला हात लावायचा नाही, मासा उचलायच्या नेटला नाही, कशालाच नाही. व्हिजिटर व्हिसा आहे, उगाच प्रॉब्लेम नको." काकांनी मान डोलावली.

शनिवार

सकाळी सहाला निघालो. जाणाऱ्यांसाठी: बॉथेलहून ४०५ ने दक्षिणेला, मग आय-९० धरून थेट पूर्वेला, एकूण तीन तासांच्या आत. स्नोक्वाल्मी पासपर्यंत वायपर एकदाही बंद करता आले नाहीत. पास ओलांडून खाली उतरायला लागलो आणि तासाभरात सगळं बदललं. पिवळे, उघडे डोंगर आणि लख्ख ऊन. काका खिडकीतून बघत म्हणाले, हा तर आपला घाट झाला, अलीकडे कोकण आणि पलीकडे देश. मी इथे सात वर्षं राहतेय, मला कधी सुचलं नव्हतं.

एलेन्सबर्गला पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप कमी आहेत. व्हँटेजला कोलंबिया नदीवरचा पूल लागतो, तिथे वाऱ्याने गाडी हलते, घाबरू नका. एफ्राटा गावात मोटेल स्वस्त आहेत, आम्हाला पन्नास डॉलरच्या आत खोली मिळाली, दोन घेतल्या. लायसन्सबरोबर गाडीत लावायचा परवाना मिळतो, तो लावायला विसरू नका. रॉकी फोर्ड क्रीक या गावापासून थोड्याच अंतरावर आहे. पार्किंगमधून खाली उतरताना वाळक्या झुडपांत रॅटलस्नेक असतात, ऑक्टोबरात थंडीने सुस्तावलेले असले तरी पायाखाली बघून चाला.

क्रीक म्हणजे खरं तर झऱ्यांचं पाणी एकत्र होऊन झालेला शांत ओढा. दोन्ही बाजूंना उंच लव्हाळा, तळाशी हिरवं शेवाळ. इथे पाण्यात उतरायला मनाई आहे, सगळं काठावरूनच करायचं. काकांनी गेल्या गेल्या काठावर वाहून आलेलं मूठभर शेवाळ उचलून झटकलं, तर तळहातावर बारीक बारीक करडे जीव उड्या मारायला लागले. "जवळा," ते म्हणाले. "तुझा मासा जवळा खातो. आमच्यासारखाच." मग माझ्या पेटीतल्या खोट्या किड्यांकडे बघून त्यातला सगळ्यात लहान, करड्या रंगाचा त्यांनी बोट न लावता दाखवला. मी तोच बांधला.

दुपारपर्यंत काहीच नाही. मासे दिसत होते, हाताएवढे जाड, शेवाळाच्या फटींतून सावकाश फिरत होते आणि माझ्या किड्याकडे बघून तोंड फिरवत होते. पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. काका काठावर उकिडवे बसून पाण्याकडे बघत राहिले.

तीनच्या सुमाराला दोरी थांबली. मी रॉड उचलला आणि समोरचं पाणी फुटलं. मोठा होता, एप्रिलच्या माशाएवढा तरी. दोरी गुंडाळायचं रील कर्कश ओरडत फिरायला लागलं. मी पुन्हा तेच केलं. रॉड उंच धरला, दोरी सैल सोडत राहिले, तो जाईल तिकडे जाऊ दिला. दोरा तुटू नये, दोरा तुटू नये, एवढंच डोक्यात. किती वेळ गेला कळलं नाही. मग तो शेवाळात घुसला, सगळं जड झालं आणि एकदम हलकं. दोरा तुटला होता.

मी काठावर बसले. सुटले बाबा असं वाटलं आणि रडूही आलं. काकांनी घड्याळ बघितलं. बारा मिनिटं, म्हणाले. मग विचारलं, त्याला असं बाळंतिणीसारखं का जपत होतीस? तेव्हा मी त्यांना एप्रिलचं सगळं सांगितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. माशाला त्रास होऊ नये म्हणूनच मी हळू खेळवते, असंही म्हटलं.

"दोरा तुटला तर माशाचं काय जातं?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही. इथल्या आकड्यांना अडकून राहणारा उलटा काटा नसतो, मासा थोड्या वेळाने तो झटकून टाकतो.

"मग दोरा तू कुणासाठी जपतेस? माशासाठी नाही. तुझा फोटो जाईल म्हणून."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी सामान आवरलं आणि गाडीकडे चालू लागले.

संध्याकाळी एफ्राटातल्या एका मेक्सिकन हॉटेलात गेलो. शाकाहारी वाचकांसाठी महत्त्वाची सूचना: इथे राजमा बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, विचारल्याशिवाय घेऊ नका. मी काउंटरवरच्या बाईंना तीनदा विचारलं, त्या आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून आल्या, तेव्हा कुठे ऑर्डर दिली. काका बाजूला उभे राहून बघत होते. टेबलावर बसल्यावर म्हणाले, "राजम्यात चरबी आहे का विचारतेस आणि माशाच्या तोंडात आकडा घालतेस. मला तुझं गणित कळत नाही गो." मी म्हटलं, तुम्ही तर खाताच. ते म्हणाले, खातो, म्हणून तर त्याला मारताना खोटं बोलावं लागत नाही. ताट संपवून मी खोलीत गेले. राग त्यांच्यावर होता असं तेव्हा वाटत होतं.

रविवार

सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठलं होतं. मोटेलच्या ऑफिसातली पचपचीत कॉफी घेऊन काका आधीच गाडीपाशी उभे होते. मी त्यांना म्हटलं, काका, तुमचं बरोबर आहे, मला काय करायचं ते सांगा.

त्यांनी लहानपणी खाडीत हातदोरीने मासे धरले होते, ना रॉड ना रील. गाडीतच त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. रॉड उंच नाही, आडवा धरायचा, पाण्याच्या जवळ. मासा उजवीकडे निघाला तर डावीकडे ओढायचा, डावीकडे निघाला तर उजवीकडे. डोकं फिरलं की अंग फिरतं, आणि अंग सारखं फिरवलं की तो लवकर येतो. तिसरी गोष्ट त्यांनी उतरताना सांगितली. "आठ मिनिटं. मी घड्याळ बघतो. आठ झाली की दोरा तोडायचा, मासा कितीही मोठा असो. कबूल?"

मी कबूल म्हटलं. खरं सांगायचं तर मनात म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू.

दहाच्या सुमाराला वारा पडला. लव्हाळ्यातल्या एका मोकळ्या फटीसमोर, काठापासून जेमतेम दोन वाव, म्हणजे दहा-बारा फूट अंतरावर एक मासा जागच्या जागी हलत होता. त्याची लांबी बघून मी गुडघ्यावर बसले. पहिल्यांदा किडा फार पुढे पडला, दुसऱ्यांदा शेवाळाला लागला. तिसऱ्यांदा तो त्याच्या नाकासमोरून गेला आणि त्याने तोंड उघडून मिटल्याचं पांढरं मला दिसलं. मी रॉड उचलला.

"लागला," काका म्हणाले. "सुरू."

पहिल्या धावेला त्याने वाटेल तेवढी दोरी नेली, मी फक्त बोटं वाचवली. मग तो थांबला आणि मी रॉड आडवा केला. डावीकडे ओढलं. रॉड मुठीपर्यंत वाकला. एवढं मी आयुष्यात कधी ओढलं नव्हतं, प्रत्येक क्षणी वाटत होतं, आता तुटणार. तुटला नाही. तो फिरला. मी उजवीकडे ओढलं, तो पुन्हा फिरला. "तीन," काका म्हणाले. तो शेवाळाकडे निघाला. काल इथेच घात झाला होता. मी काठाकाठाने लव्हाळा तुडवत खालच्या बाजूला पळाले आणि तिकडून ओढलं, तेव्हा शेवाळाच्या तोंडाशी तो वळला. पाण्याबाहेर उसळला तेव्हा त्याच्या अंगावरचा लाल पट्टा लख्ख दिसला. एप्रिलच्या माशाहून मोठा होता.

"पाच."

मी म्हटलं, काका, तुम्ही धरा, माझ्याने होत नाही. "लायसन्स तुझं आहे. तूच धर," ते म्हणाले.

सहाला तो काठाशी आला, नेट बघितलं आणि पुन्हा आत गेला. सातला पुन्हा आला, पुन्हा गेला, पण या वेळी कमी. तो हरत होता, उघड दिसत होतं. अजून दोन मिनिटं, फार तर तीन, मग तो माझाच. सहा महिने जिची वाट बघितली ती गोष्ट दोन हातांवर होती. एप्रिलमध्येही मी हेच म्हणत होते, अजून दोन मिनिटं.

"आठ," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माशाकडे बघत होते. "वृंदा, आठ झाली."

मग मी दोरी बोटाखाली गच्च आवळली, रॉड खाली घेतला आणि मागे सरकत ओढलं. तुटावा म्हणूनच ओढलं. शपथेवर सांगते, त्या क्षणी मी तो मासा सोडून दिला होता. पण दोरा तुटला नाही. माशाचं डोकं पाण्यावर आलं, आणि डोकं वर आल्यावर त्याला पोहताच येईना, तो तसाच पाण्यावरून सरकत माझ्याकडे आला. मी पोटावर पडून नेट पुढे केलं. तो आत होता. वर्षानुवर्षं ज्या ताकदीला मी घाबरत होते, ती त्या दोऱ्यात पहिल्यापासून होती.

आकडा काढायला बोट लावलं तेवढ्यात निघाला. मासा नेटमध्ये कुशीवर होता. तीच कूस. मी दोन्ही हात पाण्यात घातले, पण धरायचा कसा ते समजेना. मासा हातात धरणं मला कधी जमलेलंच नाही, तीन वर्षं मी तो जेमतेम फोटोपुरता धरत होते. बोटं आपोआप मागे येत होती.

काका शेजारी पालथे झाले. स्वेटर, घड्याळ, सगळ्यासकट त्यांनी हात पाण्यात घातले आणि माझे हात आपल्या हातांत घेऊन एक शेपटीपाशी, एक पोटाखाली ठेवला. मी म्हटलं, काका, संदीपने सांगितलंय. "संदीपला काय कळतंय," ते म्हणाले. लहानपणी बाजारापर्यंत मासा जिवंत ठेवायला ते टोपली खाडीच्या पाण्यात धरून बसायचे. ढकलायचा नाही, हलवायचा नाही, तोंड प्रवाहाकडे करून नुसतं सरळ धरायचं, त्यांनी समजावलं. पाणी बर्फासारखं होतं. थोड्या वेळाने बोटांत काही जाणवेना. मासा सरळ राहत नव्हता, हात सैल केला की कलत होता. मी मनात कुणाकुणाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मग त्याचे कल्ले हलले. एकदा. बऱ्याच वेळाने पुन्हा. मग सारखे. "घेतोय," काका हळूच म्हणाले. माझ्या तळहातात त्याचं अंग घट्ट होत गेलं, शेपटी माझ्या मुठीत एकदा वळली. मी मूठ उघडली. तो लगेच गेला नाही, हाताच्या वर तसाच थांबला, आणि मग शेवाळाच्या फटीत शिरला.

कॅमेरा पिशवीतच राहिला होता.

काका उठले, म्हणाले, चल, थर्मासमधला चहा घेऊ. मी उठले नाही. गेलेला मासा कधी कधी अर्ध्या तासानेही मरून वर येतो, हे मी वाचलं होतं. मी त्या फटीकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसले. काकांनी चहा तिथेच आणला आणि ओल्या बाह्यांनी शेजारी बसले. खालच्या अंगाला एक पान पांढरी बाजू वर करून वाहत आलं तेव्हा मी अर्धवट उठले. ते पानच होतं. दुसरं काही वर आलं नाही. तासाभराने आम्ही निघालो.

घरी

परतताना पासवर पाऊस तसाच होता. काका एलेन्सबर्गपासून झोपले. उतरताना म्हणाले, स्वेटर ओला का झाला ते संदीपला तूच सांग.

शिरीषला त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एप्रिलपासून तू तो फोटो एकदाही उघडला नाहीस, मला वाटलंच होतं." मग मी कॉम्प्युटर उघडून एप्रिलची ओळ बदलली. फोटो तसाच ठेवला आहे. त्याखाली आता लिहिलं आहे, 'हा मासा मेला. मी त्याला वीस मिनिटं खेळवलं म्हणून मेला.' ज्यांनी कौतुक केलं होतं त्यांची माफी मागते. रविवारच्या माशाबद्दल, तो जगला असावा, एवढंच मी लिहू शकते.

आईला मात्र दादाने वाचून दाखवण्याआधी मला स्वतः सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी फोन केला. एप्रिलचं सांगितलं, रविवारचं सांगितलं, रॉड विकत नाही हेही सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "काल पोहत गेला त्याला माहीत होतं का गं, तू सोडणार आहेस ते?"

मी म्हटलं, "नाही आई. त्याच्या दृष्टीने ती आठ मिनिटं मरणाचीच होती."

फोन कार्डाची मिनिटं जात होती, मी जाऊ दिली.

"मग आठाची चार कर," ती म्हणाली.

काल दुकानातून दुप्पट जाड टिपेट आणलं आहे, म्हणजे दुप्पट जोराने ओढता येईल. स्वच्छ पाण्यात ते माशांना दिसेल, आणि बरेचसे तोंड फिरवून निघून जातील. केसाएवढ्या दोऱ्याचं उरलेलं रीळ मी कचऱ्यात टाकलं.